झॉर्कमध्ये अडकलात? मदत घेण्याची नीट रीत

भाच्याचा रात्री अकराला मेसेज आला. "मामा, अडकलोय. पुढे काय करू?"

"कुठे आहेस?"

"अंधारात."

"जवळ काय काय आहे?"

"तलवार, लसूण, अजून काहीतरी."

"दिवा?"

बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "तो मघाशीच विझला. आणि त्यानंतर मी सेव्ह केलं."

आता यात मी काय मदत करणार होतो? कोडं अवघड होतं म्हणून तो अडकला नव्हता. सेव्हची एकच फाइल ठेवली होती, दिव्याची बॅटरी संपत आल्याच्या सूचना वाचल्या नव्हत्या, आणि प्रश्न विचारायला चाळीसेक चाली उशीर केला होता. झॉर्क हा पडद्यावरची वर्णनं वाचून आणि आज्ञा टाइप करून खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्यांपैकी बरेच जण मदत मागताना याच चुका करतात. एक तर फार उशिरा मागतात, नाहीतर सरळ पूर्ण उत्तरपत्रिका उघडतात आणि खेळाची मजा घालवून बसतात.

इथली माहिती इन्फोकॉम कंपनीच्या १९८० च्या 'झॉर्क १'ची आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमनमध्ये करायच्या. धरण, सायक्लॉप्स (एकडोळा राक्षस) आणि अंडं या तीन कोड्यांची उकल पुढे सांगितली आहे, इतरही काही जागांची उदाहरणं ओघात येतील. त्या भागात अजून पोचला नसाल तर टप्पा ४ पर्यंत वाचून थांबा. तिथपर्यंत अंड्याखेरीज फारसं काही फुटत नाही.

टप्पा १: खेळ कोणता, ते पक्कं करा

झॉर्क या एका नावाखाली बरंच काही फिरतं. एमआयटीत १९७७ पासून मोठ्या कॉम्प्युटरवर वाढत गेलेला मूळ खेळ, त्याचीच 'डन्जन' नावाने पसरलेली आवृत्ती, आणि इन्फोकॉमने त्या खेळाचे भाग पाडून विकलेले झॉर्क १, २ आणि ३. सुरुवातीचं पांढरं घर मूळ खेळातही आहे आणि झॉर्क १ मध्येही. पण पुढचा नकाशा जुळेलच असं नाही. मूळ खेळाची उत्तरं घेऊन झॉर्क १ खेळायला बसलात तर नसलेल्या खोल्या शोधण्यात संध्याकाळ जाते.

'स्कोअर' टाइप करा आणि एकूण गुण किती दाखवतो ते बघा. ३५० म्हणजे झॉर्क १, ४०० म्हणजे झॉर्क २, ७ म्हणजे झॉर्क ३.

*सावधान:* 'कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर'च्या प्रसिद्ध आवृत्तीचे गुणही ३५० च आहेत. म्हणून सुरुवातही आठवा. पांढरं घर आणि टपालपेटी असेल तर झॉर्क. रस्त्याच्या टोकाला विटांची छोटी इमारत असेल तर तो खेळ वेगळा.

'व्हर्जन' टाइप केल्यावर येणारी ओळही वहीत उतरवून ठेवा. मदत करणारा जाणकार असेल तर तो ती विचारतो.

टप्पा २: अडकायच्या आधीची तयारी

हे सगळं खेळ सुरू करतानाच करायचं असतं. अडकल्यावर करायला गेलात तर निम्मं हातचं गेलेलं असतं.

सेव्ह. दर वेळी नवीन नावाने. नावात क्रमांक आणि जागा घाला: '०३ तळघराआधी', '०७ चक्रव्यूहाआधी'. पहिल्यांदा जमिनीखाली उतरताना, कुणाशी लढण्याआधी, अनोळखी बटण दाबण्याआधी आणि वस्तू फोडण्या-जाळण्याआधी सेव्ह हवंच. झॉर्क १ मध्ये 'अनडू' नाही. असे जुने खेळ चालवणाऱ्या फ्रॉट्झसारख्या प्रोग्रॅममध्ये चाल मागे घेता येते, पण दिवा आत्ता विझला असला तरी तो वाया घालवला तीसेक चालींपूर्वी. तिथपर्यंत परत नेणार ती जुनी फाइलच.

व्हर्बोज. ही आज्ञा सुरुवातीलाच द्या. नाहीतर दुसऱ्यांदा आलेल्या खोलीचं फक्त नाव दिसतं, वर्णन गाळलं जातं. इशारे वर्णनातच असतात.

स्क्रिप्ट. ही आज्ञा दिल्यापासून तुमचा खेळ शब्दन् शब्द फाइलमध्ये उतरतो, 'अनस्क्रिप्ट' म्हटलं की थांबतो. मदत करणाऱ्याला यातल्या शेवटच्या वीस ओळी दाखवल्या तर बहुतेक वेळा त्याला विचारावं लागत नाही.

नकाशा. चौकटीची वही घ्या. प्रत्येक खोलीला एक चौकोन, प्रत्येक वाटेला बाण, आणि न गेलेल्या वाटेवर प्रश्नचिन्ह. उत्तरेला गेल्यावर दक्षिणेने परत येता येईलच असं झॉर्कमध्ये गृहीत धरू नका. चक्रव्यूहात सगळ्या खोल्यांचं वर्णन सारखंच आहे, तेव्हा प्रत्येकीत एकेक वस्तू टाकून खूण करायची. खेळात फिरणारा एक चोर त्या खुणा उचलून हलवतो, म्हणून वही जास्त भरवशाची. (खूण म्हणून तपकिरी पिशवी टाकू नका. लसूण तिच्यात आहे, आणि तो पुढे लागतो.)

दोन याद्या. एकीत न सुटलेल्या जागा, दुसरीत अजून न वापरलेल्या वस्तू. अडकलात की दोन्ही समोरासमोर ठेवून पाच मिनिटं नुसतं बघा. माझे स्वतःचे निम्मे प्रश्न इथेच संपले.

टप्पा ३: कुठल्या प्रकारे अडकलात ते ओळखा

अडकण्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकावरची मदत वेगळी. खाली ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने तपासा, कारण पहिले दोन सर्वात जास्त वेळा होतात आणि त्यांना बाहेरच्या मदतीची गरजच नसते.

पहिला: भाषेचा अडथळा. काय करायचं ते कळलंय, खेळाला सांगता येत नाही. तुमचं वाक्य समजून घेणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. त्याच्या तक्रारी नीट वाचायला शिका, त्या सगळ्या सारख्या नसतात. 'आय डोन्ट नो द वर्ड' म्हणजे तो शब्द खेळाच्या कोशातच नाही, वर्णनातलं नाम जसंच्या तसं वापरून बघा. 'यू कान्ट सी एनी' अमुक 'हिअर' म्हणजे शब्द माहीत आहे, वस्तू इथे नाही. म्हणजे ती या खेळात दुसरीकडे असू शकते. फुकटात मिळालेला इशारा आहे हा! पार्सर शब्दाची पहिली सहाच अक्षरं बघतो, त्यामुळे 'स्क्रूड्रायव्हर'चं पुढचं स्पेलिंग चुकलं तरी बिघडत नाही.

आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. घराच्या मागच्या खिडकीच्या वर्णनात 'अजार' असा शब्द आहे. त्याचा आजाराशी काही संबंध नाही, खिडकी किलकिली आहे. हा शब्द ओलांडून पुढे गेलेला माणूस पांढऱ्या घराला प्रदक्षिणा घालत बसतो आणि विचारतो, "दार का उघडत नाही?" दार उघडायचंच नाहीये. वर्णनात अडलेला प्रत्येक शब्द आधी शब्दकोशात बघा. याला फसवणूक म्हणत नाहीत.

एका खोलीत तर तुम्ही टाइप कराल तेच खेळ परत ऐकवतो, बाकी काही करत नाही. प्रोग्रॅम बिघडला म्हणून तो पुन्हा इन्स्टॉल करणारे लोक मी पाहिलेत. बिघाड नाही, खोली तशीच आहे. तिचं नाव वाचा.

दुसरा: मागे काहीतरी राहून गेलंय. समोरच्या कोड्याची किल्ली दहा खोल्या मागे पडलेली असते. दिवाणखान्यातला गालिचा हलवून पाहिला? झाडावर चढून पाहिलं? नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं संपली?

*तपासा:* वर्णनात नाव आलेल्या प्रत्येक वस्तूला निदान एकदा 'एक्झॅमिन' केलंय का?

तिसरा: खेळ आधीच हरलाय, पण तुम्हाला सांगितलेलं नाही. झॉर्कचा सगळ्यात क्रूर भाग हा. जंगलातल्या झाडावर रत्नजडित अंडं आहे. ते तुम्ही स्वतः एखाद्या हत्याराने किंवा अवजाराने उघडायला गेलात की फुटतं आणि आतला सोन्याचा कॅनरी मोडतो. ते नीट उघडण्याचं कसब एकट्या चोराकडे आहे. तेव्हा अंडं चोराच्या हाती पडू द्यायचं आणि त्याला नंतर मारायचं. चोराला आधी मारलंत तरी खेळ चालूच राहतो, इतर खजिने मिळत राहतात, पण ३५० कधीच होणार नाहीत. अशा वेळी इशारा कितीही चांगला मिळाला तरी उपयोग नाही, जुनी फाइल उघडावीच लागते. म्हणून प्रश्न विचारताना "पुढे काय करू"च्या आधी "अजून जिंकता येईल का" हे विचारा.

दिव्याचंही तसंच. 'दिवा थोडा मंद झालाय' अशा अर्थाची ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हाच सावध व्हायचं. उजेड असलेल्या जागी दिवा बंद ठेवायची सवय लावा.

चौथा: खरंच कोडं अवघड आहे. वरचे तिन्ही प्रकार नाहीत याची खात्री झाली तरच इथे या. मदत मागायची ती याच्यासाठी.

टप्पा ४: प्रश्न लिहा

हो, लिहाच, विचारायला कुणी नसलं तरी. "धरणापाशी अडकलो, हेल्प" हा प्रश्न नव्हे. त्यावर एक तर उलट दहा प्रश्न येतील किंवा कुणीतरी उत्साहाच्या भरात पुढच्या चार कोड्यांसकट सगळं सांगून मोकळा होईल.

असा लिहा:

"झॉर्क १. धरणावर आहे. पान्याने बोल्ट फिरवला, कितीही जोर लावला तरी फिरत नाही असं म्हणतो. जवळ दिवा, पाना, स्क्रूड्रायव्हर. शेजारच्या खोलीतली बटणं पाहिली, अजून एकही दाबलं नाही. थेट उत्तर नको, मी बरोबर जागी आहे का एवढंच सांगा."

खोली, काय केलं, खेळ काय म्हणाला, जवळ काय आहे, किती मदत हवी. या पाच गोष्टी आल्या की झालं. शेवटची सगळेच विसरतात, आणि मग "मला उत्तर नको होतं" म्हणून रुसतात. खेळाचं म्हणणं मात्र त्याच्याच शब्दांत द्या. "नाही म्हणतो" लिहिलंत तर पार्सर नाही म्हणतोय की बोल्ट, ते समोरच्याला कळत नाही.

टप्पा ५: मदत थेंबाथेंबाने घ्या

इन्फोकॉम स्वतः 'इन्व्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिका विकत असे. प्रश्न छापलेला असायचा आणि उत्तरं अदृश्य शाईत. सोबतचं पेन फिरवलं की एकेक ओळ उमटायची, आधी हलका इशारा, मग स्पष्ट, शेवटी थेट उत्तर. शिवाय खेळात नसलेल्या गोष्टींबद्दलचे खोटे प्रश्नही मुद्दाम पेरलेले असायचे, म्हणजे नुसते प्रश्न चाळून कुणाला काही कळू नये. आज हाच मजकूर स्क्रीनवर सलग वाचायला मिळतो, आणि तिथेच घात होतो, कारण डोळा थांबत नाही. खिडकी लहान करून एका वेळी एकच ओळ दिसेल असं करा. कागदावर असेल तर वर पोस्टकार्ड ठेवून खाली सरकवा.

धरणाचं कोडं थेंबाथेंबाने असं उलगडतं:

१. बोल्ट फिरत नाही याचं कारण ताकद कमी आहे हे नाही.

२. बोल्टच्या अगदी वर एक हिरवा प्लॅस्टिकचा बुडबुडा आहे. तो आत्ता चमकतोय का?

३. तो चमकवायची सोय शेजारच्या देखभालीच्या खोलीत आहे.

४. पिवळं बटण दाबा, मग पान्याने बोल्ट फिरवा, आणि पाणी उतरेपर्यंत काही चाली थांबा.

दुसऱ्या थेंबानंतर निदान अर्धा तास खेळा, मगच तिसरा. बहुतेकांना तिसरा लागत नाही.

*सावधान:* चारही बटणं आलटून पालटून दाबून बघायचा मोह होतो. निळं बटण पाइप फोडतं, खोलीत पाणी चढू लागतं आणि ते बटण अडकून बसतं. आधी सेव्ह.

सायक्लॉप्सचं उदाहरण जरा वेगळं. तिथे दोन उत्तरं आहेत. एकात त्याला जेवण आणि पाणी देऊन झोपवता येतं. दुसऱ्यात एक नाव उच्चारायचं, मग तो भिंत फोडून पळतो आणि थेट दिवाणखान्यात जायची वाट तयार होते. ग्रीक पुराणं आपल्या शाळेत नव्हती, त्यामुळे हे नाव आपल्याला सुचणार नाही अशी तक्रार मीही केली होती. मग कुणीतरी फक्त एवढंच म्हणालं, "वेदीवरच्या काळ्या पुस्तकाचं पान पुन्हा वाच, पण आडवं वाचू नकोस." तिथल्या आठ ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की ओडिसियस हे नाव होतं. इशारा कुठपर्यंत द्यावा याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिला नाही. उत्तर खेळातच होतं, त्याने फक्त मान वळवायला लावली. तुम्ही कुणाला मदत कराल तेव्हा अशीच करा.

*तपासा:* इशारा ज्या वस्तूबद्दल किंवा खोलीबद्दल आहे, तिथवर तुम्ही पोचला आहात का? नसाल तर इशारा वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या कोड्याकडे वळा.

टप्पा ६: वॉकथ्रू उघडायचंच असेल तर

वॉकथ्रू म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवलेली उत्तरं. हा शेवटचा उपाय, आणि तोही लोक उलटा वापरतात. पहिल्या ओळीपासून आज्ञा उतरवत जातात आणि तिसाव्या ओळीला ट्रोल नावाचा राक्षस त्यांना मारतो. लढाईचा निकाल दर वेळी वेगळा लागतो, चोर कधी कुठे उगवेल त्याचा नेम नाही. त्यामुळे लिहून ठेवलेला क्रम तंतोतंत चालत नाही.

खोलीच्या नावाने शोधा, वरून खाली स्क्रोल करू नका. त्याहून चांगलं म्हणजे घरातल्या न खेळणाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि तुम्ही फक्त हो-नाही प्रश्न विचारा. आमच्याकडे हे काम बायको करते. "उत्तरेला काही आहे का?" "आहे." "न्यायला हवं?" "आधी चहा टाक." यात वेळ जातो, पण नको ते डोळ्यांखालून जात नाही.

टप्पा ७: चॅटबॉटला विचारताना

विचारा, पण जपून. मूळ खेळ, झॉर्क १ आणि झॉर्क २ यांची त्याच्याकडून सरमिसळ होते, आणि नसलेली खोलीही तो ठामपणे सांगतो. आधी तुम्ही सोडवलेल्या कोड्याबद्दल विचारून बघा. तेच चुकलं तर पुढचं विचारूच नका. त्याला टप्पा ४ मधला प्रश्न जसाच्या तसा द्या, एका वेळी एकच इशारा मागा, आणि करून बघण्याआधी सेव्ह करा.

टप्पा ८: उत्तर मिळालं, तरी चालत नाही?

मदतीतली निम्मी निराशा इथे होते. उत्तर बरोबर असतं, क्रम किंवा जागा चुकते.

क्रमाचं उदाहरण म्हणजे पाताळाचं प्रवेशद्वार. घंटा, मेणबत्त्या आणि पुस्तक लागतं हे कळलं म्हणून तिन्ही घेऊन गेलात आणि आधी पुस्तक वाचलंत, तर काही होत नाही. आधी घंटा. तिच्यामुळे मेणबत्त्या हातातून पडून विझतात, त्या उचलून पुन्हा काडीने पेटवायच्या, आणि लगेच पुस्तक वाचायचं. मध्ये रेंगाळलात तर पहिल्यापासून. काड्याही मोजक्याच आहेत, त्या आधी उजेडासाठी जाळू नका.

जागेचं उदाहरण मशालीचं. हस्तिदंती मशाल कधी विझत नाही, म्हणून "दिवा ठेव, मशाल घे" असा सल्ला सर्रास मिळतो. बरोबरच आहे तो, कोळशाच्या खाणीपर्यंत. तिथल्या वायूच्या खोलीत उघडी ज्योत नेलीत की स्फोट. तिथे पितळी दिवाच लागतो, आणि तोवर त्यात बॅटरी उरलेली हवी. प्लॅस्टिकच्या बोटीचंही तसंच, धारदार किंवा टोकदार वस्तू घेऊन चढलात तर ती फाटते.

*तपासा:* उत्तर चाललं नाही तर लगेच पुढचं वाचू नका. आधी जवळच्या वस्तू बघा, मग क्रम, मग 'अजून जिंकता येईल का' हा टप्पा ३ मधला प्रश्न.

भाच्याने शेवटी नवा खेळ सुरू केला, या वेळी अकरा सेव्ह फाइल्स ठेवून. गेल्या रविवारी त्याचा मेसेज आला. "मामा, ३५० पूर्ण! संपला!"

"काही कुजबुज ऐकू आली का?"

"आली. खजिन्याबद्दल काहीतरी होतं. का?"

"खजिने ठेवलेलं कपाट परत बघ."

पाच मिनिटांनी आलं, "अरे, हा नकाशा कधी आला?"